जॅकवर चढलेली गाडी: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आमच्या 1965च्या एमजी मिजेट या छोट्या ब्रिटिश स्पोर्ट्‌स कारवर लिहिलं आणि पोस्टमनचं काम वाढलं. ज्यांनी तो लेख वाचला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. मी 27 वर्षं आयटीआयमध्ये फिटर ट्रेडच्या मुलांना शिकवलं, आता निवृत्त आहे. गाडी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. नाशिकला मखमलाबाद रोडला घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये असते. 1098 सीसीचं इंजिन, दोन सीट, वर कापडी हूड, आणि चालते. 'चालते' हे मुद्दाम लिहिलं, कारण पत्रांमधल्या निम्म्या गाड्या चालत नाहीयेत. त्यातल्या फार थोड्या मोडल्यामुळे बंद आहेत. बाकीच्या कुणीतरी सोडून ठेवल्या आहेत.

बाई, मी मुंबईहून 1967ची एमजी मिजेट आणली. इंजिन फिरतं, पण सुरू होत नाही. खालून बराच गंज आहे. मिस्त्री म्हणतो, पूर्ण सुटी करू, सगळं नव्याने बांधू, पावसाळ्याआधी उभी करून देतो. देऊ का त्याच्याकडे? (इंदिरानगर)

नका देऊ. निदान अजून नाही.

अण्णांनी आमची गाडी 1978 साली देवळालीच्या एका पारशी कुटुंबाकडून 4,500 रुपयांना घेतली. ओढून आणावी लागली, पण पंधरा दिवसांत सुरू झाली. मग अण्णांना वाटलं, एकदा सगळी सोडून स्वच्छ करू. त्या उन्हाळ्यात सोडली ती 11 वर्षं पसरलेलीच राहिली. नट-बोल्ट हॉर्लिक्सच्या बाटल्यांत, बाटल्यांना चिकटवलेल्या चिठ्ठ्या. चिठ्ठ्यांची खळ झुरळांनी खाल्ली आणि कुठला बोल्ट कुठला, ते अण्णांच्या डोक्यात राहिलं तेवढंच. माझ्या लग्नात मांडवाच्या कोपऱ्यात पाण्याचा पिंप ज्यावर ठेवला होता तो चौरंग नव्हता, चादर टाकलेला इंजिनचा ब्लॉक होता. तेव्हापासून माझा नियम आहे. एक गोष्ट सोडायची, दुरुस्त करायची, बांधायची, बघायची. मग दुसरी.

तुमचं इंजिन फिरतंय म्हणजे जाम नाही. ते मूळचंच असेल तर 1275 सीसीचं, ए-सिरीज घराण्यातलं. हेच घराणं जुन्या मिनी गाडीत आडवं बसवलेलं असतं. आधी टाकीतलं जुनं पेट्रोल काढा. वार्निशसारखा वास येत असेल तर टाकी उतरवून धुवा. चारही प्लग काढून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा. आकडा किती येतो यापेक्षा चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळपास आहेत का ते बघा. बॅटरी जोडण्याआधी मात्र थांबा. 1967च्या आसपासपर्यंत या गाड्यांना बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं असायचं. आपला इलेक्ट्रिशियन सवयीने मायनस बॉडीला जोडतो आणि मग डायनॅमोला दोष देतो. तुमची गाडी नेमकी त्या बदलाच्या वर्षातली आहे, म्हणून जुन्या वायरी पाहून ठरवा, वर्ष पाहून नाही. सुरू झाली की ऑइल प्रेशरच्या काट्याकडे बघा. इंजिन गरम झाल्यावर चालत्या गाडीत 40 ते 70 पौंडांच्या मध्ये असेल तर इंजिन सोडायचं कारणच नाही.

आणि हे सगळं करण्याआधी ब्रेक. सुरू होणाऱ्या गाडीला आधी थांबता आलं पाहिजे.

आता गंज. तुमच्या पत्रातला खरा प्रश्न हाच आहे. मिजेटला वेगळी चासी नाही, पत्र्याची बॉडी हीच चासी. त्यात वर छप्पर नाही. छप्पर असलेल्या गाडीत वजन छताच्या कमानीतूनही पुढे-मागे वाटलं जातं. इथे ते सगळं दाराखालच्या पोकळ पट्टीवर, म्हणजे सिलवर येतं. तिथे बाहेरचा एक पत्रा, आतला एक पत्रा आणि मध्ये पोकळी असते. त्या पोकळीत चिखल साठतो, पाणी जायची भोकं बुजतात आणि पत्रा आतून सडत येतो. बाहेरून रंग छान असतो. म्हणून जाड स्क्रू ड्रायव्हरचं टोक सिलच्या दोन्ही शेवटांना, दाराच्या बिजागरीच्या खांबाच्या पायाशी, पाय ठेवायच्या जागेत कोपऱ्यांना आणि मागच्या स्प्रिंगा जिथे बॉडीला अडकतात तिथे दाबून बघा. टोक आत गेलं तर पत्रा गेला. बॉनेट उघडून बॅटरी ठेवायचा कप्पाही बघा, ॲसिड त्यालाच खातं. खाली कुणी डांबर फासलं असेल तर खुश होऊ नका. गंजावर डांबर म्हणजे जखमेवर शाल.

दुसरी परीक्षा जॅकची. दार लावलेलं असताना पुढच्या चाकामागे बॉडीला जॅक लावून हळूच उचला आणि दाराच्या मागच्या कडेची फट बघा. वरच्या बाजूला फट मिटत गेली तर सिलमध्ये दम नाही.

सिल कापताना आम्ही काय केलं ते सांगते, म्हणजे तुम्ही करणार नाही. 1989चा एप्रिल. गाडी पुढे एका जॅकवर, मागे विटांवर. अण्णांनी डाव्या बाजूचे आतले-बाहेरचे दोन्ही पत्रे एकाच दुपारी कापून टाकले. मी नवा पत्रा घासत बसले होते. कापताना काहीच आवाज झाला नाही. संध्याकाळपर्यंत नवा पत्रा बसवला, वेल्डरने टाके मारले, आम्ही चहा प्यायलो. मग दार लावायला गेलो तर ते कुलपापाशी बोटभर वर. गाडी मधोमध वाकली होती आणि आम्ही तिला वाकलेलीच वेल्ड करून टाकली होती. अण्णा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्राइंडरचा आवाज आला तेव्हा कळलं, त्यांनी स्वतःच पुन्हा कापायला घेतली होती.

बरोबर पद्धत ही. गाडी सपाट जमिनीवर चार घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर घ्या. घोड्या ॲक्सल आणि सस्पेन्शनखाली लावा, म्हणजे वजन नेहमीच्या जागीच राहील. विटा नाहीत. दाराच्या चौकटीत बिजागरीच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत एक चौकोनी पाइप आडवा आणि एक तिरपा वेल्ड करा. दार लावून चारही बाजूंच्या फटी मोजून भिंतीवर लिहून ठेवा. (आमच्या शेडच्या भिंतीवर उजव्या दाराचे आकडे अजून आहेत.) एकाच बाजूचं काम घ्या. आधी बाहेरचा पत्रा कापा, आतला तपासा, लागेल तेवढाच बदला. 18 गेजची सीआर शीट सातपूरला सहज मिळते, बेंडिंगही तिथेच करून देतात. वेल्डिंग सीओटूचं, एक-एक इंचाचे टाके, जागा बदलत. गॅस वेल्डिंगने पत्रा ताणला जातो. दर थोड्या टाक्यांनंतर दार लावून बघा. आतून मेण मारायला भोक ठेवा, आणि खालची पाणी जायची भोकं पुटीने बुजवणाऱ्या पेंटरवर लक्ष ठेवा.

पावसाळ्याआधी एक बाजू होईल. पुरे.

मॅडम, आमच्या आजोबांची स्टँडर्ड हेराल्ड आहे. ती काही स्पोर्ट्‌स कार नाही, तरी विचारतो. पुढच्या चाकांना दर महिन्याला ग्रीस मारतो, तरी स्टिअरिंग जड. (सिन्नर)

विचारलंत ते बरं केलंत. मद्रासला 1961पासून बनलेली तुमची हेराल्ड ही इंग्लंडच्या ट्रायम्फ हेराल्डची भारतीय बहीण. 1962ला आलेली ट्रायम्फ स्पिटफायर ही दोन सीटची स्पोर्ट्‌स कार त्याच हेराल्डची चासी आखूड करून बनवली, पुढचं सस्पेन्शनही त्याच घरचं. दोन्हींचं रूप इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्तीने काढलेलं. तेव्हा स्पिटफायरवाल्याला जे सांगते तेच तुम्हाला.

ग्रीस मारणं बंद करा. पुढच्या चाकाच्या उभ्या दांड्याला खाली आटे असतात आणि ते ट्रनियन नावाच्या पितळी तुकड्यात बसलेले असतात. स्टिअरिंग फिरवलं की पोलादी आटे पितळेत फिरतात. तिथे ग्रीस नाही, घट्ट गिअर ऑइल लागतं, 90 नंबरचं. ग्रीस वाळतं, तळापर्यंत पोचत नाही, आणि पावसाचं पाणी शिरलं की आटे आतल्या आत गंजतात. पुढे एक दिवस वळताना तो दांडा तुटतो आणि चाक आत दुमडतं. घाटात नाही, बहुतेक वेळा फाटकाशीच, कारण पूर्ण वळवलेल्या चाकावर ताण जास्त येतो. पण घाटात होणार नाही असं कुणी लिहून देत नाही, आणि तुमच्या पत्रात कसाऱ्याचा उल्लेख आहे.

तेव्हा: गाडी उचला, चाक लटकू द्या. ट्रनियनच्या पोटातला प्लग काढून तिथे निपल लावा. ग्रीसगन स्वच्छ धुवून तिच्यात गिअर ऑइल भरा आणि वरच्या रबरी सीलमधून स्वच्छ तेल बाहेर येईपर्यंत मारत राहा. आधी काळं, मग तपकिरी, मग स्वच्छ. तुमच्या गाडीत इतकी वर्षं ग्रीस आहे, म्हणून एकदा दांडा सोडून आटे डोळ्यांनी पाहाच. खड्डे दिसले तर दांडा आणि ट्रनियन दोन्ही बदला. डाव्या आणि उजव्या बाजूचे आटे एकमेकांच्या उलट असतात, त्यामुळे अदलाबदल चालत नाही. बांधताना तळापर्यंत आवळून ठेवू नका. पूर्ण बसवून मग थोडं मागे घ्यायचं, नाहीतर चाक पूर्ण वळणार नाही. हेराल्ड 25 फुटांत वळते, भद्रकालीच्या गल्लीत याचा केवढा उपयोग ते तुम्हाला सांगायला नको.

मी आमच्या गाडीचं खालचं तेल-ग्रीस वर्षातून दोनदा करते, पावसाळ्याआधी आणि खंडेनवमीला. हत्यारांना हळदकुंकू वाहायचंच असतं, त्याआधी त्यांच्याकडून काम करून घेते.

ताई, माझ्या ऑस्टिन-हीली स्प्राइटला दोन एसयू कार्ब्युरेटर आहेत. गाडी थरथरते, एक्झॉस्ट फटफट करतो. तीनदा कार्ब्युरेटर सोडले. मिस्त्री म्हणतो, दोन्ही काढून मारुती 800चा एक बसवू. (नाशिकरोड)

बसवेल तो, आणि गाडी चालेलही. पण आधी मला सांगा, टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या फटी, शेवटचे कधी सेट केले? पत्रात एक शब्द नाही.

कार्ब्युरेटर शेवटी. आधी टॅपेट: इंजिन थंड असताना 12 थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे 0.30 मिलिमीटर. आठ व्हॉल्व्ह पुढून मोजा. एक नंबरचा पूर्ण दाबलेला असेल तेव्हा आठ नंबर सेट करायचा, दोन नंबर दाबलेला असेल तेव्हा सात, तीनला सहा. बेरीज नेहमी नऊ. माझी मुलं हे परीक्षेत कधी विसरली नाहीत. मग डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची फट 15 थाऊ, प्लगची 25 थाऊ, फायरिंग ऑर्डर 1-3-4-2, मग टायमिंग. इतकं झाल्यावर निम्म्या गाड्यांची थरथर जाते आणि कार्ब्युरेटर निर्दोष सुटतात.

उरलीच तर एसयू सोडायला घ्या, एका वेळी एकच. दोन्हींच्या टोप्या आणि त्यातले पिस्टन जोडीने घासून बसवलेले असतात. एकाचा पिस्टन दुसऱ्याच्या टोपीत गेला की संसार मोडला. तीनदा सोडलेत म्हणजे ही शंका आधी. पिस्टन बोटाने उचलून सोडा. खाली पडताना 'टक' असा स्वच्छ आवाज आला पाहिजे. घासत, दबकत आला तर पिस्टन मळका आहे किंवा जेट, म्हणजे पेट्रोल येण्याची बारीक नळी, मधोमध नाही. टोपीतलं तेल बघा. झाकणाला बारीक छिद्र असेल तर आतल्या पोकळ दांड्याच्या तोंडाच्या अर्धा इंच वरपर्यंत, 20 ग्रेडचं इंजिन ऑइल. शिलाई मशीनचं तेल घालणारे आहेत. ते इतकं पातळ असतं की ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी आधी गुदमरते आणि मग पळते.

आता दोन्ही सारखी हवा ओढतात का ते ऐकायचं. हे मला भद्रकालीतल्या एका चाचांनी शिकवलं. हातभर रबरी नळी, एक टोक कानाशी, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. दोघांना जोडणाऱ्या दांडीचे क्लॅम्प सैल करा आणि दोन्हीकडची सुस्कार सारखी होईपर्यंत स्क्रू फिरवा. चाचा म्हणायचे, बेटी, दोन भाऊ एका ताटात जेवत असतील तर दोघांचा घास सारखा पाहिजे. मिश्रणासाठी पिस्टन पिनेने अगदी किंचित, मिलिमीटरहूनही कमी उचला. इंजिनचा वेग वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त, इंजिन बसायला लागलं तर कमी, क्षणभर वाढून परत आला तर बरोबर.

पंपावरच्या ई20मुळे, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे, हे पुन्हा करावं लागतं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतोच, त्यामुळे तेवढ्याच हवेला जास्त इंधन लागतं. जेटखालच्या षट्‌कोनी नटाच्या एक-दोन बाजू खाली फिरवल्या की आमची गाडी शांत झाली. जुन्या रबरी पेट्रोल नळ्या मात्र बदलाच. इथेनॉल त्यांना आतून फुगवतं, मऊ करतं, आणि त्या दोन नळ्या गरम मॅनिफोल्डच्या डोक्यावर असतात.

माझ्याकडे 1951ची एमजी टीडी आहे. मेट्रिक पाने बसत नाहीत, इंची पाने बसत नाहीत. नेमके कोणते घ्यावेत? (देवळाली कॅम्प, निवृत्त अधिकारी)

सर, या प्रश्नाची मला गंमत वाटते. तुमच्या 1250 सीसी इंजिनाचे आटे मेट्रिक आहेत आणि बोल्टांची डोकी व्हिटवर्थची. कारण असं की मॉरिस कंपनीने 1923 साली कॉव्हेंट्रीतला हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कारखाना घेतला. तिथली यंत्रं मेट्रिक आटे पाडणारी. यंत्रं बदलण्यापेक्षा आटे तसेच ठेवले आणि इंग्लिश मिस्त्रींच्या पान्यांना बसतील अशी डोकी दिली. तेव्हा व्हिटवर्थचा सेट घ्या, आणि त्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, डोक्याचा नाही, एवढं ध्यानात असू द्या. पाव इंची व्हिटवर्थ पान्याचं तोंड अर्ध्या इंचाहून मोठं असतं. बोल्ट हरवला तर दुकानात व्हिटवर्थ बोल्ट मागू नका, आटे मारून ब्लॉक खराब कराल.

माझ्या मिजेटवाल्या मंडळींसाठी: तुमच्याकडे युनिफाइड आटे आहेत, पाने सुतात मागा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). चार सुती, साडेतीन सुती, साडेचार सुती. चार सुतीवर मेट्रिक 13चा पाना बसतो असं वाटतं, पण तो ढिला असतो आणि तिसऱ्या वेळी डोकं गोल करतो.

जुन्या गाडीची व्हिंटेज नोंदणी करावी का? रोज कॉलेज रोडला फिरवायची आहे. (गंगापूर रोड)

रोज फिरवायची असेल तर नको. केंद्राने जुलै 2021मध्ये जे नियम काढले त्यात गाडी 50 वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात असावी लागते. नवी नोंदणी 20,000 रुपये, 10 वर्षांसाठी, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण व्हिंटेज नोंदणीची गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणायची. भाजी आणायला नाही. तुमच्या गाडीचं आरसी चालू असेल तर तेच वेळच्या वेळी वाढवत राहा.

ताई, प्रश्न माझा नाही, सासऱ्यांच्या स्पिटफायरचा. चार वर्षं झाली, पार्किंगमध्ये चारही चाकं काढून विटांवर ठेवली आहे. सोसायटी रोज बोलते. ते मागचे ड्रम उघडून बसतात, काळी धूळ फुंकतात, ती मी झाडते. काहीतरी सांगा त्यांना. (पंचवटी)

आधी तुम्हाला सांगते. ती धूळ झाडू नका. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं आणि त्या गाडीचे लायनर किती जुने आहेत हे बहुतेक सासऱ्यांनाही सांगता येणार नाही. झाडू नाही, फुंकर नाही, कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच नाही. पाणी शिंपडून ओल्या फडक्याने पुसायची आणि फडकं पिशवीत बांधून टाकून द्यायचं. लहान मुलं पार्किंगमध्ये खेळत असतील तर त्यांना ते काम चालू असताना तिकडे जाऊ देऊ नका.

आता सासऱ्यांना. काका, विटा आजच काढा. वीट दाबाने फुटते आणि फुटायच्या आधी सांगत नाही. चार घोड्या घ्या. मग तीन चाकं लावून टाका, ब्रेक उघडे राहिले तरी चालेल, आणि फक्त मागच्या डाव्या चाकाचं काम करा. व्हील सिलिंडर सोडा, बोअरमध्ये नखाला खड्डा लागला तर नवा, नाहीतर नुसते सील. नवे लायनर, नवा रबरी पाइप, ड्रम बसवा, चाक लावा. मग मागचं उजवं. पुढे डिस्क आहेत, ते काम सोपं. डावं मागचं चाक आधी का, तर उजव्या हाताच्या गाडीत मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांब तेच असतं. हवा काढायची वेळ येईल तेव्हा सुरुवात तिथूनच करायची आहे.